सातच्या पाण्याची फी

"टोपी काढ बाळा. आज तुझी बॅच नाहीये."

पोहण्याच्या तलावाच्या गेटवर मॅनेजर माझ्या पोरीला हे म्हणाला. माझ्याकडे न बघता. पोरगी निळी रबरी टोपी घालून, चष्मा कपाळावर चढवून उभी. टोपी ती घरूनच घालून निघायची. सातपूरपासून गंगापूर रोडपर्यंत स्कूटीवर तशीच मागे बसायची, सिग्नलला लोक बघून हसायचे. आत सातची बॅच सुरू झाली होती. सरांची शिट्टी ऐकू येत होती. तिच्याबरोबर पाय मारायला शिकलेली पोरं पाण्यात, आणि ही फाटकाबाहेर.

"नाहीये म्हणजे?" मी विचारलं.

"रिशेड्यूल झाली ताई. आता रविवारी संध्याकाळी. ग्रुपवर मेसेज टाकलाय."

मेसेज नव्हता. मी मोबाईल काढून दाखवला. मग म्हणे, राहिला असेल. एवढ्यात मागून एक बाई गाडीतून उतरून मुलाला घेऊन आली. मुलगा सातच्याच बॅचचा. मॅनेजरनं फाटक उघडलं. "गुड मॉर्निंग मॅडम." ती मॅडम, मी ताई. फाटक परत लागलं. पोरीनं टोपी ओढून काढली. केस चिकटून आले हातात, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

मला संशय घ्यायची खोड आहे. नवरा म्हणतो, "तुला सगळीकडं तेच दिसतं." दिसतं. खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारतात आणि मग "कालच दिली हो" म्हणतात. असं चार दारांत ऐकलं की दिसायला लागतंच. तरी त्या दिवशी मी मनाला समजावलं. सर कमी पडत असतील. गर्दी झाली असेल. पण मग सगळ्या बॅचमधून आमचंच नाव का? आणि रोजचा तास आठवड्यातून एकदाच कसा झाला? फी तर अख्ख्या सुट्टीची आधीच भरून घेतली होती.

पोहणं कशाला, हेही सांगते. माझं माहेर निफाडकडचं. गावाला पायऱ्यांची विहीर होती. उन्हाळ्यात गावातली पोरं पाठीला डबा बांधून तिच्यात पोहायला शिकायची. माझा भाऊ काठावर उभा राहून बघायचा. एकदा न राहवून उतरला. वरून ढेकळं आली. संध्याकाळी आमच्या वस्तीवर दोघं जण आले आणि माझ्या बापाला पोरापुढं वाट्टेल ते बोलून गेले. बाप मान खाली घालून ऐकत होता. आमच्या घरात आजही कुणालाच पोहता येत नाही. लोकांना वाटतं भीती असेल. भीती पाण्याची नव्हती.

म्हणूनच कंपनीत पॅकिंगला उभं राहून मिळवलेला दिवाळीचा बोनस मी फीसाठी मोडला होता. पोरीला पोहायला घालायचं, हे ती पोटात असल्यापासून माझ्या डोक्यात होतं.

पोरीचं नाव संघमित्रा. बडबडी आहे. आमच्या घरी कुणी आलं, कुणाकडं गेलं की जय भीम म्हणायचं, ही पद्धत. ती तिथंही पहिल्या दिवशी सरांना जय भीम म्हणाली. बाकावर बसलेल्या सगळ्या आयांनाही, एकेकीपुढं जाऊन. त्या हसल्या. एकमेकींकडं बघून हसल्या. मला वाटलं, पोरीचं कौतुक वाटलं असेल. एवढी संशयी मी, आणि नेमकं तिथंच मला काही दिसलं नाही.

रविवारी गेलो. शेवटची वेळ. बाकं रिकामी. सर नाहीत, एक शिकाऊ काठावर बसून मोबाईल बघत होता. पाण्यात तीन पोरं. माझी, गादीवाल्या शेखभाईंचा मुलगा, आणि शेजारच्या बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा, ज्याची फी मालकिणीनं भरली होती. बास. पाणी आठवडाभर वापरलेलं, तळाच्या फरश्या दिसत नव्हत्या. आणि काठाला पाइपाचं वेटोळं घेऊन एक माणूस उभा.

"तुम्ही कशासाठी थांबलात, दादा?" मी विचारलं.

"सोमवारी बंद असतो ना तलाव," तो म्हणाला. "तुमचं झालं की पाणी साफ करायचं मशीन लावायचं. मंगळवारी सकाळच्या बॅचला पाणी एकदम चकाचक लागतं."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो त्याचं काम सांगत होता. मला मात्र हापसा आठवला. गावात हापशावर आमची पाळी सगळ्यात शेवटी असायची. आमचं भरून झालं की पुढची बाई हापशाचं तोंड आधी धुऊन घ्यायची, मग आपली कळशी लावायची. लहानपणी मला वाटायचं, हापसे असेच वापरतात. पाण्याची पाळी मला कुणी समजावून सांगायला नको.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिला सांगायचं ना, तिथं गुड मॉर्निंग म्हण." चिडून नाही म्हणाला. थकून म्हणाला. मला त्याचाच जास्त राग आला.

ठरवलं, पैसे परत घ्यायचे. वळचणीला उभं राहून शिकायचं नाही. मंगळवारी ड्यूटीच्या आधी पोरीला घेऊन गेले. ऑफिसात भिंतीवर पाटी आहे: भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. रस्ताभर वाक्यं पाठ केली होती मी. तुम्ही वेळ बदलली, आम्ही नाही. ग्राहक मंचात जाईन. आवाज चढवायचा नाही, पण हटायचंही नाही.

माझ्या आधी त्याच गाडीवाल्या मॅडम उभ्या होत्या. त्यांना सुट्टीत बाहेरगावी जायचं होतं, राहिलेल्या दिवसांचे पैसे परत हवे होते. मॅनेजर नम्रपणे हसत होता आणि नाही म्हणत होता. "मॅडम, पॉलिसी आहे. क्रेडिट देतो, पुढच्या समरला वापरा." त्या चिडल्या, नवऱ्याला फोन लावला, फोन मॅनेजरच्या कानाला लावला. तो नाहीच म्हणाला. मी मागे उभी राहून विचार करत होते, हिला नाही म्हणतोय तर मला काय भीक घालणार.

त्या बाजूला झाल्या. मी तोंड उघडलं.

"संघमित्राची आई ना?" तो म्हणाला. ड्रॉवर उघडला. पाकीट काढलं. वर पोरीचं नाव लिहिलेलं. "पूर्ण रक्कम आहे. झालेल्या दिवसांचंही कापलं नाही. मोजून घ्या ताई."

माझी सगळी पाठ केलेली वाक्यं तोंडात राहिली. खोटं कशाला बोलू, हात पुढं गेला माझा. पैसा कुणाला नको असतो? बोटांना पाकीट लागलं आणि मग डोक्यात लख्ख झालं. मी अजून मागितलेच नव्हते. मी येणार हे याला माहीत होतं. पाकीट आधीच भरून ठेवलेलं. रविवारची वेळ आम्हाला यायला दिलीच नव्हती. आम्ही कंटाळून निघून जावं म्हणून दिली होती.

"त्यांना नाही, मग मला कसे?"

"तुमची केस वेगळी आहे."

"काय वेगळी?"

त्यानं मॅडमकडं बघितलं, आवाज उतरवला. "समजून घ्या ना ताई. पेरेंट्सच्या कंप्लेंट होत्या. मुलगी सारखं ते... जय भीम म्हणते सगळ्यांना. इतर मुलं पण म्हणायला लागली. इथं फॅमिली ॲटमॉस्फिअर आहे. माझं पर्सनली काही नाही."

"आम्ही कोण? फॅमिली नाही?"

"मोजून घ्या ना ताई," तो परत म्हणाला. गाडीवाल्या मॅडमना एकदम पर्समधलं काहीतरी सापडेना. क्षणापूर्वी एवढा आवाज होता त्यांचा.

मी पाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं.  मला राग आला होता, भीती वाटत नव्हती. हे त्याला कळावं असं फार वाटलं.

"हे तुमच्याकडंच ठेवा," मी म्हणाले. "मी सातच्या पाण्याची फी भरलीय. मला सातचं पाणी पाहिजे."

"ताई, तसं नाही होणार."

"मग का होणार नाही ते उद्या सातला सांगा. फाटकावर. सगळ्या मॅडमसमोर, आता माझ्या कानात सांगितलंत तेच. माझ्या पोरीसमोर."

बाहेर पोरगी स्कूटीवर बसून टोपीत बोटं घालून ती ताणत होती. ऑफिसातलं तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिनं एवढंच विचारलं, "आई, मी त्यांना जय भीम म्हणायचं नाही का?"

नवऱ्याचं वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं. माझ्या बापाची खाली गेलेली मानही आली त्याच्याबरोबर. दोन्ही मी गिळली.

"म्हणायचं," मी म्हणाले. "एकेकीपुढं जाऊन म्हणायचं, पहिल्या दिवशी म्हणालीस तसंच."

संध्याकाळी शेखभाईंच्या दुकानात गेले. त्यांनाही पाकीट मिळालं होतं. ते गल्ल्यात ठेवून झालं होतं. मी सगळं सांगितलं. ते कापूस पिंजायचं थांबवून ऐकत होते. मग त्यांनी पाकीट बाहेर काढून माझ्यासमोर ठेवलं. "सकाळी आपण बरोबरच जाऊ," एवढंच म्हणाले. बंगल्यात कामाला असणाऱ्या बाईंकडंही जाऊन आले. त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. मालकिणीला विचारावं लागेल त्यांना. मी समजू शकते.

ते पाणी आमच्यानंतर धुणार असतील तर रोज धुवावं लागेल. सकाळी सातला, भर बॅचमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी रजा टाकली आहे. टोपी घरूनच घालून निघणार आहे पोरगी, आणि फाटक उघडेपर्यंत ती डोक्यावरून निघणार नाही.