ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

गावात त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. सव्वीस वर्षं ते लोकांना मोटार चालवायला शिकवत होते आणि त्या छोट्या गाडीत डाव्या सीटपुढे त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक बसवलेला होता. शिकणारा जरा चुकला की मास्तरांचा पाय खाली. न चुकला तरी खाली. पन्नास पावलांवर कुत्रं झोपलेलं दिसलं तरी खाली. मास्तरांकडे शिकलेल्या माणसाला ब्रेक आपोआपच लागतो असं वाटतं, हा गावातला जुना विनोद. पण हजारभर माणसं त्यांच्या हाताखालून गेली आणि शिकवणीत एकालाही साधं खरचटलं नव्हतं. मास्तरांना तेवढं पुरत असे.

गाव डोंगरावर होतं. मोठं हॉस्पिटल खाली, बावीस किलोमीटरवर, आणि मध्ये एक्केचाळीस वळणं. मास्तर तो रस्ता सव्वा तासात उतरत. मागे गाड्यांची रांग लागे, हॉर्न वाजत, कुणी ओलांडून जाताना दोन शब्द सुनावून जाई. मास्तर काच वर करून घेत.

त्यांची लेक बाळंतपणासाठी त्यांच्याकडे आली होती. जावई जहाजावर, तो दोन महिने तरी परतणार नव्हता. आठवा लागला तेव्हा तपासणीत डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला.

"वार खाली आहे, अगदी गर्भाशयाच्या तोंडावर," त्या मास्तरांना म्हणाल्या. "दुखत नसलं तरी रक्त दिसलं की वाट बघायची नाही. पाऊण तासात मुलगी माझ्यासमोर पाहिजे."

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली तर?"

"बोलवा की. ती आधी इथून वर येणार, मग खाली जाणार. तेवढा वेळ मिळेलच असं मी सांगणार नाही."

हॉस्पिटलजवळ एक खोली ठरली होती, पण ती रिकामी व्हायला अजून चोवीस दिवस होते. गावात टॅक्सीवाले दोन. एक दिवसा सापडत नसे, दुसरा सापडला तर शुद्धीत नसे. म्हणजे राहता राहिले मास्तर. त्या दिवशी वर येताना त्यांनी प्रत्येक वळण मोजलं आणि घरी पोचेपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेकरीच्या गाडीची वाट बघत दुकानापाशी उभे राहिले. ती गाडी एक बाई चालवत असे, सगळे तिला पाववाली म्हणत. रोज खालून पाव घेऊन साडेसहाला वर, आठला परत खाली. बारा वर्षांत तिचा एक पाव चेपलेला नाही असं दुकानदार सांगे. नऊ वर्षांपूर्वी मोटारीचा परवाना काढायला ती मास्तरांकडेच शिकली होती. त्याआधी ती तीनचाकी चालवायची.

"मला वळणं शिकव," मास्तर म्हणाले.

"कुणाला शिकवायची?"

"मला."

तिने हातातला ट्रे खाली ठेवला. "सर, एका तासात तुम्ही माझ्यासाठी सदतीस वेळा ब्रेक दाबला होतात. मी मोजले होते."

"तू जोरात जात होतीस."

"वीसने जात होते."

मास्तरांनी तो वाद तिथेच सोडला. मग त्यांनी लेकीचं सांगितलं. पाववालीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "सात ते आठ. रोज. तुमचीच गाडी. आणि तो डाव्या बाजूचा ब्रेक काढून ठेवा."

"दहाला शिकवणी असते. रोज काढायचा, रोज घालायचा?"

"बरं, मग मीच त्याची सोय करते."

तिने काय केलं, तर पट्टा लावून ती डाव्या सीटवर चक्क मांडी घालून बसली. "आता बघा, माझे पाय वर. तुमच्यासाठी ब्रेक दाबणारं इथे कोणी नाही."

तिचं शिकवणं साधं होतं. वळणाआधी, रस्ता सरळ असतानाच, जेवढा ब्रेक लावायचा तेवढा लावून घ्या. गियर तिथेच उतरवा. मग ब्रेक सोडा आणि एकदाच, हिसका न देता, हातातलं चाक फिरवा. नजर कठड्यावर नको, वळण जिथे उलगडतं तिथे ठेवा. आपली बाजू सोडायची नाही. जेवढा रस्ता दिसतो, त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग. "रस्त्याला टेकलेली असतात ती चार तळहातांएवढी रबरं, सर. त्यांना एका वेळी एकच काम सांगा. थांबा म्हणा नाहीतर वळा म्हणा. दोन्ही एकदम सांगितलंत तर ती दोन्ही करत नाहीत."

मास्तरांना हे तोंडपाठ झालं. सांगायला सांगितलं असतं तर त्यांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं असतं. पण पायाला ते पटेना. वळणाच्या मध्यावर, दरी उजवीकडून डोळ्यांत शिरली की त्यांचा पाय ब्रेकवर पडे. दर वेळी. गाडी डोकं खाली घालून मान टाकल्यासारखी करी.

"काय झालं?"

"भीती वाटली."

"वाटू दे की. पाय कशाला हलवता?"

सहाव्या दिवशी टाकीच्या वळणाला ते झालं. तिथे वर पाण्याची जुनी टाकी होती, ती बारा महिने गळे आणि रस्त्यावर ओला पट्टा असे. मास्तर पस्तीसने आत शिरले, चांगले शिरले, चाक नीट फिरवलं, आणि मध्यावर पाय खाली गेला. गाडीचा मागचा भाग त्यांना सोडून निघाला. आवाज काहीच नाही. समोरचा डोंगर शांतपणे बाजूला सरकला आणि त्याच्या जागी आभाळ आलं. गाडी थांबली तेव्हा मागचं चाक कठड्यापासून हातभर लांब होतं.

मास्तर दार उघडून बाहेर गेले आणि ओकले. परत आले तेव्हा पाववाली सीटवर तशीच मांडी घालून होती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मला जमणार नाही," ते म्हणाले. "माझ्या हातून मारली जाईल ती."

तिने पट्टा सोडला. मग म्हणाली, "सर, तुम्ही इकडे बसा. तुमच्या जागेवर. मी चालवते."

तिने गाडी खाली नेली, पुढच्या चार वळणांतून, पस्तीसनेच. मास्तरांना तिने एकच गोष्ट सांगितली होती, स्वतःच्या पायाकडे बघायचं. त्यांनी बघितलं. पाय ब्रेकवर नव्हता, पण वळण आलं की चवडा आपोआप उचलला जात होता आणि पायपोसावर दाबला जात होता.

"तुमच्या बाजूला काय काय आहे?" तिने विचारलं.

"ब्रेक."

"आणि अ‍ॅक्सिलरेटर?"

"मास्तरला तो कशाला?"

"तेच म्हणते मी. सव्वीस वर्षं तुम्हाला भीती वाटली की पायाला एकच वस्तू सापडत होती. दुसरं काही असतं हे त्याला कोणी शिकवलंच नाही."

मास्तर पायाकडे बघत बसले. काळा बूट, नीट पॉलिश केलेला. आपला पाय कुणा परक्याचा असावा तसा त्यांना तो वाटला.

"भीती जाईल असं मी सांगत नाही," ती म्हणाली. "माझीही गेलेली नाही. भीती वाटली की बुटातल्या बुटात बोटं मुडपा. पायाला काहीतरी काम हवं असतं, तेवढं द्या. आणि टाच जिथे आहे तिथेच रुतवून ठेवा. वळणात अ‍ॅक्सिलरेटर नुसता धरायचा, बाळाचा हात धरतो तसा. दाबायचा नाही, सोडायचा नाही."

त्यानंतर आणखी दहा सकाळी झाल्या. मास्तर ओकले नाहीत, पण रोज घरी आले की आधी घामाने भिजलेला सदरा बदलत. बायको समोर चहा ठेवी आणि बघत नसल्यासारखं करी. तासाभरात निम्मा रस्ता उतरून परतणंच जमे; त्यावरून सगळ्या रस्त्याचा हिशेब धरला तर सगळ्यात चांगली वेळ भरली ती एकोणपन्नास मिनिटं. पाऊण तास नाही. चार मिनिटं कुठून आणायची हे मास्तरांना कळेना, आणि पाववाली म्हणाली, "ती आणायची नाहीत. तेवढ्यासाठी मूर्खपणा कराल."

खोली मिळायला आठ दिवस राहिले असताना, सकाळी दहाच्या सुमारास, लेकीने न्हाणीघरातून हाक मारली. "आई," एवढंच म्हणाली, अगदी हळू. फरशीवर रक्त होतं. पाववाली दोन तासांपूर्वी खाली गेली होती.

बायकोने चादर आणि उशा मागच्या सीटवर टाकल्या, लेकीला आडवं केलं आणि पट्ट्यांनी जमेल तसं बांधलं. मागे आता जागाच उरली नव्हती. म्हणजे बायको पुढे, डावीकडे. मास्तरांनी हॉस्पिटलला फोन केला, बसले, किल्ली फिरवली, आणि त्यांना तो दिसला. बायकोच्या चपलेखाली ब्रेक. या बाईने आयुष्यात मोटार चालवली नव्हती, आणि घाबरली की ती पाय रोवून बसत असे.

"पाय वर घे."

"काय?"

"मांडी घाल. चपला काढ आणि मांडी घालून बस. मी सांगेपर्यंत पाय खाली ठेवायचे नाहीत. काहीही झालं तरी."

तिने मांडी घातली. का, ते विचारलं नाही.

पहिली दहा वळणं मास्तरांना नंतर आठवली नाहीत. सरळ रस्त्यावर ब्रेक, गियर, सोड, फिरव, धर. तोंडातून ते पुटपुटत होते, शिकाऊ माणसासारखे. पुढे एक ट्रक होता. आरशात शिकवणीची लाल पाटी एवढ्या वेगाने अंगावर येताना बघून ड्रायव्हरने ट्रक अशा घाईने बाजूला घेतला की एरवी मास्तर हसले असते. मागून लेकीचा श्वास ऐकू येत होता, मध्येच थांबणारा, आणि थांबला की मास्तरांचाही थांबे.

टाकीचं वळण आलं. तो ओला पट्टा आज जास्त रुंद होता. त्यांनी सरळात ब्रेक मारला, नेहमीपेक्षा जरा जास्त, आणि आत शिरले. नेमकी तेव्हाच लेक मागून म्हणाली, "बाबा, खूप येतंय."

पाय उचलला गेला. खरंच उचलला गेला, बोटभर. मास्तरांनी बुटात बोटं इतकी मुडपली की नखं बुटाच्या तळाला रुतली, आणि टाच दाबून धरली. नजर मात्र डोंगर उलगडतो तिथेच ठेवली. गाडी पट्ट्यावर किंचित सैलावली, जणू विचार करते आहे, आणि मग वळली. शेजारी बायकोने स्वतःचे दोन्ही गुडघे घट्ट धरले होते.

"येतोच आहोत, बाळा," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता.

शेहेचाळीस मिनिटं लागली. दारात स्ट्रेचर तयार होतं. डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या मनगटाला हात लावला आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या, "चला, आत घ्या." बायको दाराला हात घालून उठू लागली आणि उठलीच नाही. "तुम्ही जा तिच्याबरोबर," ती म्हणाली. "माझे पाय माझे राहिलेले नाहीत. जा तुम्ही."

मास्तर बंद दारासमोरच्या बाकावर बसले. त्यांचा उजवा पाय फरशीवर सारखा दाबत होता, सुटत होता, परत दाबत होता. आता त्यांनी त्याला अडवलं नाही. पन्नासेक मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"मुलगी आहे. लहान आहे, काही आठवडे काचेत ठेवावी लागेल. आई ठीक आहे, दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं तिला." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "वेळेत आलात."

ते बाहेर आले. गाडी दारातच तिरकी उभी होती, कुणीतरी तिच्यामागे हॉर्न वाजवत होतं. बायको डाव्या सीटवर अजून मांडी घालून बसली होती, पट्टासुद्धा तसाच. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांनी मान डोलावली, दोनदा.

ती रडली नाही. नुसतं म्हणाली,

"अहो, मग ठेवू का आता पाय खाली?"