राखीव कामावरची सही

आमच्या घरात सिव्हिलचा डिप्लोमा केलेली पहिली मीच. वडील गवंडी. पलूस भागातल्या कितीतरी शाळांच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या, ठेकेदार मात्र कायम दुसराच. म्हणून मी ठेकेदार म्हणून नोंदणी केली आणि आमच्या समाजासाठी राखीव असलेलं दोन खोल्यांच्या अंगणवाडीचं टेंडर भरलं. कागद घेऊन कचेरीत गेले, तर बाबूनं ते उघडूनही बघितले नाहीत.

"तुमच्या मागं कोण हाय?"

"कुणी नाही. काम मीच करणार."

तो नुसता हसला.

काम दुसऱ्याला गेलं. नाव वाचलं आणि माझं डोकं भणभणलं. माझा सख्खा चुलता! आयुष्यभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला माणूस. घमेलंसुद्धा कधी उचललं नव्हतं. तशीच त्याच्या घरी गेले.

"काका, पाया किती खोल घेणार?"

"मला काय ठावं, पोरी? मालक दावतील तितं सही करायची."

मालक म्हणजे भागातला बडा ठेकेदार. नाव आमचं, जात आमची, काम त्याचं. मी ओरडायला लागले तशी काकू मध्ये पडली, "आगं, घरातलं घरात मिटीव."

मला मिटवायचं नव्हतं. मी लेखी तक्रार केली. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चौकशीत साहेबांनी चुलत्यापुढं नकाशा ठेवला. त्यानं तो उलटा धरला. खोलीतले सगळे हसले. मला त्या हसणाऱ्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि चुलत्याच्याही.

काम रद्द झालं, फेरनिविदेत मला मिळालं. चुलता काळ्या यादीत गेला. ठेकेदाराचं नाव एकाही कागदावर नव्हतं, त्यामुळं त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

खोल्या मी बांधल्या. वडील रोज येऊन ओळंबा लावून बघायचे, चुकलेली वीट काढायला लावायचे. उद्घाटनाला ठेकेदार पहिल्या रांगेत बसला होता.

"ब्येस काम केलंस की," तो म्हणाला. "पुढल्या येळंला आमच्यासंगट ये. तुझं नाव लय उपयोगी पडंल."

चारचौघांत मी गप्प बसले. त्याला तिथंच खुर्चीवरून उठवलं नाही, याचा राग मला आजही येतो. चुलता त्या दिवशी आला नाही. आमच्या घरी तो अजूनही येत नाही.