गुडघाभर चेरी

उभ्या निजामी मुलखात झाड वाढलं म्हणून झाडावरच चिडणारा माणूस एकच होऊन गेला, आणि नेमका तो आमच्या आत्याच्या नशिबी आला. तहसिलीतल्या नोकरीतून वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, निघाल्यावर आमचे आतोबा घाटनांदूरला येऊन राहिले. वजिफा लागला की माणसं देवधर्माला लागतात, गेला बाजार गावातल्या भांडणात तरी पडतात. आतोबांनी चेरी लावली. मोमिनाबादच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाने बदली होऊन जाताना ते रोप त्यांच्या हवाली केलं होतं. ही बुटकी जात, गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही, फळ खायचं नाही, नुसती गुलाबी फुलं बघायची, असं साहेबाने बजावलं होतं. आतोबांनी ते परसात, आत्याच्या भेंडीच्या जागी लावलं.

“खायाला न्हाई, सावलीला न्हाई, जळणाला न्हाई. मग लावायचं कावून?” आत्याने विचारलं.

“शौक म्हणून,” आतोबा म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून त्यांनी घरी आणलेली हीच काय ती कमाई, असं आत्या पुढे जन्मभर सांगत असे.

रोज सकाळी आतोबा धोतर वर खोचून चेरीशेजारी पाय रोवून उभे राहायचे. शेंडा गुडघ्याच्या वर डोकावला की “लई चढेल झालीस गं!” म्हणून दटावायचे आणि नखाने खुडून टाकायचे. उन्हाळ्यात तर विचारू नका. घरातले वाळ्याचे पडदे चेरीभोवती लागायचे, आणि सुट्टीला आलेले आम्ही घरात सुपाने वारा घेत बसायचो. आतोबांची छत्री चेरीवर उघडलेली असल्यामुळे ते स्वतः भर उन्हात डोक्यावर पंचा टाकून गावभर हिंडत. एकदा गेवराईकडचे पाहुणे तहानेने व्याकूळ होऊन आले आणि रांजणाकडे वळले, तर आतोबा आडवे झाले. “पाव्हणं, तुमी आडाचं प्या. रांजणातलं गार पानी तिचं हाय.” पाहुणे परत म्हणून आले नाहीत.

एवढे लाड होऊनही चेरीला फूल काही आलं नाही. पारावर बसणारे लोक रोज चौकशी करायचे, “काय हो, सूनबाईकडं काही गोड बातमी?” आतोबा हसून वेळ मारून न्यायचे, पण घरी आल्यावर जेवायचे नाहीत. शेवटी आत्यानेच मुदत घातली. पाडव्यापर्यंत फूल दिसलं नाही तर चेरी उपटायची आणि भेंडी लावायची.

पाडवा उजाडला. फूल नव्हतं. आतोबा जड पावलांनी हजामत करायला निघून गेले, आणि आत्याचं मन द्रवलं. आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला धाक घालायची रीत आहे. एकाने कुऱ्हाड घेऊन तोडतो म्हणायचं आणि दुसऱ्याने हात धरून झाडासाठी जामीन राहायचं. झाड घाबरून फळतं म्हणतात. जामिनासाठी आत्याने शेजारच्या गयाबाईला बोलावून आणलं, पदर खोचला, कुऱ्हाड उगारली आणि ओरडली, “तोडते बघ आता!”

नेमके तेव्हाच आतोबा परसात शिरले. न्हाव्याला अर्ध्यावर सोडून आले होते. एक गाल गुळगुळीत, एकावर साबण. त्यांना रीतबीत काही आठवली नाही. त्यांनी धावत जाऊन चेरीला मिठीच मारली.

“अगं, मला तोड, पर तिला नको! परमुलखातनं आलीया बिचारी, हितलं ऊन तिला सोसंना, तिचा काय गुन्हा? यंदा राहू दे. पुढल्या साली फुलंल. मी जामीन हाय!”

गयाबाईचा चेहरा पडला. “माजं बोलनं यांनीच बोलून टाकलं की, बाई!”

आत्या कुऱ्हाड टाकून हसत सुटली. मग तिने पदराने आतोबांच्या गालावरचा साबण पुसला आणि म्हणाली, “उठा. जामीन मंजूर हाय.”

पुढे दर पाडव्याला हा सोहळा व्हायचा. आतोबा दरसाल जास्त रंगात येऊन गयाबया करायचे, गयाबाई बघायला यायची, आणि चेरी दरसाल फुलायची नाही.

आतोबा गेले त्यानंतरच्या पाडव्याला मी मुद्दाम घाटनांदूरला गेलो. आत्याने कुऱ्हाड घेतली, झाडाशी उभी राहिली आणि हलकेच म्हणाली, “तोडते बघ.” मग थांबली. गयाबाई खाली बघत होती. मला ते बघवेना. मी पुढे होऊन आत्याचा हात धरला.

“आत्या, यंदा राहू दे. पुढल्या साली फुलंल.”

“जामीन कोन?”

“मी हाय.”

तिने कुऱ्हाड खाली ठेवली आणि झाडाकडे नीट पाहिलं. ते गुडघ्याच्या पार वर, जवळजवळ तिच्या कमरेला आलं होतं. आतोबा गेल्यापासून त्याला दटावणारं कोणी उरलंच नव्हतं. आत्याने डोळे पुसले, नखाने शेंडा खुडला, आणि म्हणाली, “लई चढेल झालीस गं.”