एका अंगाचं मूळ

शालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुकापूरच्या नाक्यावर टाकळ्याच्या जुडीसाठी घासाघीस करत होते. जुडी तिथेच राहिली. रोडपालीला त्यांच्या फ्लॅटवर पोचले तर ताई पलंगावर झोपल्यासारख्या दिसत होत्या, आणि माझ्या मनात आलं, चला, एकदाचा विसावा मिळाला यांना... वाईट वाटायच्या आधी हे वाटलं, म्हणून तसंच लिहिते. शेवटची काही वर्षं त्या फार थकल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघून आम्हीही.

ताई माझ्या थोरल्या नणंद. पनवेलच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही. सुट्टी मिळाली की डोंगराखालची कातकरी वाडी गाठायच्या. मी नवी नवरी असताना एकदा पिशवीभर कंद आणले आणि मातीसकट माझ्या घासलेल्या ओट्यावर ओतले. "मंगल, नाक मुरडून झालं की मोठं पातेलं दे," म्हणाल्या. आमचं जमलं ते तिथूनच.

वाडीवर हिरूबाई होत्या. झाडपाल्याच्या औषधात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ताई त्यांच्या मागे मागे रानात फिरायच्या, विचारून विचारून सगळं लिहून घ्यायच्या. हिरूबाईंची मुलगी बारकी तेव्हा नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर असायची. दिवाळीनंतर गेली की पावसाच्या तोंडावर परतायची. त्यामुळे आईनं मुलीला सांगायचं ते कॉलेजातल्या बाईला सांगितलं. पुढे हिरूबाई वारल्या.

धरलेल्या गुडघ्यांवर वाडीत एका वेलाचं मूळ उगाळून लावायचे. त्यावर ताईंनी लेख लिहिला होता. (वेलाचं नाव इथे देत नाही, ताई ओरडल्या असत्या.) तो वाचून एका तेल बनवणाऱ्या कंपनीला वेल हवा झाला. ताईंनी हट्ट धरला, माहिती वाडीची आहे, तर नफ्यातला वाटा वाडीला मिळाला पाहिजे, आणि तोही वाडीनं हो म्हटल्यावरच. मग खेपा सुरू झाल्या. कंपनी, सरकारी कचेरी, वाडी, पुन्हा कचेरी. साहेब बदलायचे, मसुदा पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागायचा. कायदा वाडीच्या बाजूनं होता, तरी चपला ताईंच्याच झिजल्या.

अखेर वाडीवर सभा बसली. ताई दिवसभर उपाशी राहतील म्हणून मीही डबा घेऊन गेले होते. कंपनीच्या माणसानं विचारलं, या औषधाची माहिती कोणाकडे आहे? हिरूबाईंच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं, आणि बाकीच्यांचं अर्धं आयुष्य भट्टीवर गेलेलं. शेवटी बारकी उठली.

"आमाला काय ठावं नाय. आये गेली. आता शालनबाईंनाच ठावं हाय. बाईंचंच नाव लिवा."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात कपट नव्हतं, उलट मानच होता. कंपनीचा माणूस तर खूश झाला. वाडीपेक्षा एका बाईशी करार सोपा. त्यानं तिथेच ताईंपुढे पेन धरलं. ताईंनी त्याला हात लावला नाही. परतताना रिक्षात म्हणाल्या, "मी यांचं जपायला गेले, आणि ते माझंच होऊन बसलं की गं..." त्या रडल्या नाहीत. पण मला वाटतं, खरा थकवा त्या दिवशी लागला.

करार बारगळला. मी म्हटलं, ताई, आता पुरे करा. तर त्या पुन्हा वाडीवर जायला लागल्या. उद्या परत सभा बसली तर वाडीत कोणाला तरी सांगता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. बारकीला रानात न्यायचं आणि हिरूबाईंनी सांगितलेलं तिला सांगायचं, हा उद्योग. बारकी कंटाळायची, मजुरी बुडते म्हणून कुरकुरायची, आणि तिचं चूक नव्हतं. ताई घरी येऊन चिडायच्या, सांगून सांगून जीभ दुखली म्हणायच्या. पुढे त्यांचेच गुडघे धरले, चढ चढवेना. तेव्हा त्यांनी तो वेल खिडकीतल्या कुंडीत लावला आणि बारकीला रोडपालीला बोलवायला लागल्या. ती कधी यायची, कधी नाही. दुसरी सभा काही झाली नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही ताईंचा फ्लॅट रिकामा करायला घेतला. कुंडी घेऊन जा, असा बारकीला निरोप धाडला. ती आली, माझ्या उठण्याबसण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचं पन गुडगं धरलं काय?" मग खिडकीशी बसून तिनं कोयत्याच्या टोकानं कुंडीतली माती एका बाजूनं उकरली, तेवढंच मूळ कापलं आणि माती परत दाबून बसवली.

"सगळंच ने की," मी म्हटलं.

"सगलं कदी काडायचं नाय. ह्या अंगाचं घ्यायचं, त्या अंगाचं ऱ्हाऊ द्यायचं."

हेच शब्द याच खिडकीशी ताईंच्या तोंडून मी कितीदा ऐकले होते. आता ताईंचं नाव निघणार, म्हणून मी डोळे पुसायची तयारी केली आणि मुद्दाम विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं गं?"

"कोनी म्हंजे? आयेनं."

मला राग आला, खरंच आला. एवढ्या खेपा, एवढी दमणूक, आणि साधं नावसुद्धा नाही... बारकी सहाणेवर मूळ उगाळत होती. ते बघता बघता राग कधी उतरला कळलं नाही. ताई ज्यासाठी झिजल्या ते हेच होतं, आणि ते ऐकायला नेमक्या त्याच नव्हत्या. मग मात्र मी रडले.

बारकीनं कुंडी नेली नाही, गुडघ्यांसाठी माझ्याकडेच ठेवली. ती आता सुकापूरला माझ्या खिडकीत आहे. आत राहिलेलं मूळ वाडीचं आहे, मी फक्त पाणी घालते.