सापडआत्याचं कपाट

आमच्या घरात वस्तू हरवायचा नेम कधी चुकला नाही, आणि त्या शोधून द्यायचं काम आत्याकडे. म्हणून तिचं नाव पडलं सापडआत्या. किल्ल्या, चष्मे, बाबांचा हमखास एकच मोजा. ती उठून शोधाशोध करत नसे. खुर्चीत बसूनच विचारायची, "आधी सांग, ठेवताना कशाशेजारी ठेवलं होतंस?" आम्ही वैतागायचो, पण वस्तू सापडायची. मग तिचा तोरा काय विचारता!

नोकरीही तिला साजेशीच मिळाली. मोठ्या वाचनालयात पुस्तकं शोधून देणारं सॉफ्टवेअर तिनेच लिहिलं होतं. शाळा सुटली की मी आणि धाकटा भाऊ तिच्या टेबलाशेजारी स्टुलांवर बसून गृहपाठ करायचो. पंख्याची घरघर, बांधणी विभागातला गोंदाचा वास, तिच्या कपात गार झालेला चहा. अजूनही गोंदाचा वास आला की मला भरून येतं.

शेजारच्या खोलीत खिडकीखाली चिनी, जपानी आणि कोरियन पुस्तकांचं कपाट होतं. नव्या ग्रंथपालबाईंनी फर्मान काढलं की ही पुस्तकं कुणाच्या हाती लागत नाहीत, कुणी घरी नेत नाही, तेव्हा तळघरात हलवा. संगणकच तसं सांगतो म्हटल्यावर आत्यानेही मान डोलावली.

पण त्या कपाटाला एक हक्काचा वाचक होता. कोपऱ्यावर घड्याळांचं दुकान चालवणारे घड्याळजी, मूळचे जपानी, दुकान बंद केलं की खिडकीपाशी वाचत बसायचे. बातमी कळताच ते काठी टेकत आत्याकडे आले.

"बाई, मी कितीदा शोधलं. तुमचं यंत्र दरवेळी नाही म्हणतं. मग मी आपला हातानेच काढून घेतो. आता तळघराचा जिना काही मला उतरता यायचा नाही. माझं वाचन संपलंच म्हणा."

आपल्या सॉफ्टवेअरला नावं ठेवलेली आत्याला खपत नसे. "दाखवा बघू," ती फणकारली.

त्यांनी दोन जपानी अक्षरं टाइप केली. अर्थ, दीपगृह. त्यांचे वडील दीपगृहावर कामाला होते. पडद्यावर उत्तर आलं, एकही पुस्तक नाही. घड्याळजी हळूहळू कपाटाकडे गेले आणि दीपगृहाच्या रखवालदारांवरचं जाडजूड पुस्तक आणून तिच्यापुढे ठेवलं. शीर्षकात तीच दोन अक्षरं होती. आत्याचा चेहरा खर्रकन उतरला.

तिचं सॉफ्टवेअर मोकळी जागा दिसली की शब्द संपला असं धरून चालायचं. चिनी-जपानी लिहिताना शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत. त्यामुळे अख्खं शीर्षक एकच लांबलचक शब्द होऊन आत बसलेलं. कोरियनमध्ये जागा असते, पण शब्दांना प्रत्ययांच्या शेपट्या चिकटलेल्या.

"शोधण्यात नाही गं, ठेवण्यातच घोळ आहे," ती मला म्हणाली. "आणि घालणारी मी."

तळघरातले रॅक पुसून तयार होते. आत्याला त्या पुस्तकांतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, मग शब्द तोडायचा कुठे? दिवसेंदिवस ती जेवतानाही शीर्षकांची यादी समोर घेऊन बसायची. एका संध्याकाळी आम्ही घरी निघालो. रस्ता ओलांडताना तिची सक्तीच असायची, प्रत्येकाने शेजारच्याचा हात धरायचा. मधोमध ती थबकली. गाड्या हॉर्न मारतायत, आणि ही आमच्या धरलेल्या हातांकडे बघतेय!

"तोडायचंच कशाला? हात धरून ठेवायचं!"

तिने तसंच केलं. पहिलं अक्षर दुसऱ्याबरोबर, दुसरं तिसऱ्याबरोबर, अशा सगळ्या जोड्या साठवल्या. शब्द कुठेही दडलेला असो, त्याची जोडी हाती लागायची. अधूनमधून भलतीच पुस्तकंही यायची. "येऊ देत," ती म्हणायची, "पाहुण्यांबरोबर चार आगंतुक यायचेच."

घड्याळजींनी पुन्हा दीपगृह टाइप केलं. पडद्यावर त्यांचं पुस्तक आलं, त्याखाली आणखी काही. त्यांनी चष्मा काढून पुसला. हळूहळू नवे वाचकही येऊ लागले. ग्रंथपालबाईंनी फर्मान मागे घेतलं आणि कपाट खिडकीखालीच राहिलं.

घड्याळजी केव्हाच गेले. गेल्या हिवाळ्यात आत्याही गेली. तिला जपानीतली दीपगृहाची तेवढी दोनच अक्षरं यायची, आणि ती तिने आमच्याकडून गिरवून घेतली होती.

परवा मी वाचनालयात गेले. गोंदाचा वास नाही, स्टुलंही नाहीत. कपाट मात्र तिथेच. एकदा ते पुस्तक हातात घ्यावं म्हणून पडद्यावर बोटाने ती दोन अक्षरं काढली. पहिलंच नाव त्याचं, आणि खाली लिहिलेलं, 'वाचकाने घरी नेले आहे.'

मी रिकाम्या हाताने बाहेर पडले. रस्ता ओलांडताना, शेजारी कुणी नसताना, माझा हात आपसूक पुढे झाला.