नेट चालू आहे

गेल्या दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत आपले रविवारचे व्हिडिओ कॉल सारखे मध्येच तुटायचे, ते तुम्हा दोघांना आठवत असेल. तुटला की माझा मेसेज यायचा, 'नेट गेलं. पुढच्या रविवारी बोलू.' त्यातले निम्मे कॉल खरोखरच नेटमुळे तुटले. उरलेले मी तोडले.

हे सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे. मी धुळ्यात देवपूरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि तुम्हालाही इंग्रजीत वाचणं सोपं गेलं असतं. पण इंग्रजी मी फार नीटनेटकं लिहिते, आणि त्या नीटनेटकेपणात गोष्टी झाकल्या जातात. म्हणून मराठीत. अडलं तर बाबांना विचारा.

तुमच्या आबांना त्याआधीच्या पावसाळ्यात पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून आणल्यावर त्यांना मागच्या खोलीत ठेवलं, कारण ती थंड असते आणि संडास-बाथरूम लागूनच आहे. जळगावला वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा नेत असू. त्यांनी पहिल्याच भेटीत मला बजावलं, "यांची समज शाबूत आहे. शब्द आत आहेत, फक्त लवकर सापडत नाहीत. रोज माणसांशी बोलू द्या. अडकले तर थांबा. तुम्ही शब्द पुरवू नका. हे पहिलं वर्ष वाया घालवू नका."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि लाल पेनने खाली रेघ मारली. वागले मात्र उलट. "पा..." म्हणाले की पाणी पुढे करायचं, "खि..." म्हणाले की खिडकी उघडायची. ते माझ्याकडे बघायचे आणि तोंड मिटायचे.

दिवाळीनंतरच्या रविवारी धाकट्याने त्यांना विचारलं, "आबा, आजचं कोडं?" झटक्याआधी दर रविवारी आबा तुम्हाला गणिताचं एक कोडं घालत, तो तुमचा नेम होता. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, हनुवटीवर लाळ आली. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघितलंत. त्या बघण्यात काही वाईट नव्हतं, तुम्ही घाबरला होतात. मी उठले, पुढच्या खोलीत गेले आणि टीव्हीखालच्या बोर्डावरचं राउटरचं बटण बंद केलं. परत आले तेव्हा टॅबलेटवर तुमचे चेहरे जागच्या जागी थांबले होते. आबा त्या थांबलेल्या चेहऱ्यांकडे बघत होते.

मी हनुवटी पुसली आणि म्हणाले, "नेट गेलं."

एकदा केलं की सोपं होतं. नंतर ते अडकताहेत असं दिसलं की मी उठायचे. मनाला सांगायचे की हे त्यांच्यासाठी आहे. सगळ्या जिल्ह्याचे बंधारे बांधणारा इंजिनिअर, नातवंडांपुढे त्यांची अशी शोभा नको. खरं तर मलाच ते बघवत नव्हतं.

तुमच्या बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि घोटाळा तिथेच झाला. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, "आई, मी आता काही ऐकणार नाही. घरभर मेश वाय-फाय बसवून घे. तू नीट बघून निवड, तुझ्याइतकं बारकाईने मीही बघणार नाही."

नेट सुधारावं असं मला वाटत होतं, आणि नकोही वाटत होतं. मागच्या खोलीत सिग्नलची खरोखरच एक काडी यायची. आबांनी हे घर बांधलं तेव्हा उन्हाला अडवायचं म्हणून दीड फुटी दगडी भिंती घेतल्या. धुळ्याच्या मे महिन्यात त्या भिंतींनी आम्हाला सांभाळलं. पण पुढच्या खोलीतला राउटर आणि आबांची खाट यांच्यामध्ये अशा दोन भिंती, स्वयंपाकघरातला फ्रिज आणि स्टीलच्या डब्यांची अख्खी फळी होती.

आधी मी स्वस्तातला उपाय केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून सिग्नल वाढवणारी प्लगसारखी छोटी डबी आणली. तिचं नाव वेगळं, राउटरचं वेगळं. टॅबलेट मागच्या खोलीत नेला तरी पुढच्याच राउटरला चिकटून राहायचा. ती डबी स्वतःच अर्धमेला सिग्नल घ्यायची आणि त्याचा निम्मा पुढे द्यायची. पंधरा दिवसांत ती ड्रॉवरमध्ये गेली.

मग मी वहीत तक्ता केला. मेशमध्ये दोन-तीन डबे असतात, ते आपापसात बोलतात, घरभर एकच नाव असतं आणि आपण चाललो की जवळचा डबा आपल्याला उचलून घेतो. एवढं समजल्यावर मी रकाने आखले: डबे किती. डब्या-डब्यांमध्ये बोलायला वेगळी लहर आहे की आपल्याच लहरीत वाटेकरी. मधल्या डब्याला वायर जोडता येते का. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालतो का. बिघडला तर दुरुस्ती धुळ्यात होते की नाशिकला पाठवावा लागतो. लोकांचे अभिप्राय वाचताना "एकदम मस्त" लिहिणारे मी सोडून द्यायचे आणि सहा महिन्यांनी परत येऊन लिहिणारे तेवढे वाचायचे. तक्ता चांगला झाला होता. महिनाभर मी त्यात भर घालत राहिले, कारण तक्ता पुरा होईपर्यंत काही घ्यायचं नव्हतं.

जळगावला माझी धाकटी बहीण राहते, तुमची मावशीआजी. तिच्या तीन मजली घरात मेश होतं. चालू असलेलं एक तरी डोळ्यांनी बघावं, असं मी ठरवलं. आबांची देखभाल करायला दिवसा एक बाई येतात, त्यांना आबांपाशी बसवलं आणि सकाळच्या बसने गेले.

तिने मला तळमजल्यावर खुर्चीत बसवलं, माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला आणि बोलत बोलत जिना चढायला लागली.

"अक्का, दिसतेय का?"

"दिसतेय."

"आता पहिला मजला. आता बघ, भिंतीआड गेले. हललं का चित्र?"

"नाही."

"आता गच्ची. ही बघ ज्वारीची बिबडी वाळत घातलीय, तुझा वाटा वेगळा काढलाय. नीट दिसतेय का? का चष्मा आणू?"

बिबडीवरचे तीळसुद्धा दिसत होते. मी वहीत लिहिलं, 'तीन मजले, एकदाही तुटलं नाही.'

"मग घे की हेच," ती गच्चीवरून म्हणाली. "का अजून दोन रकाने बाकी आहेत?"

"बघते."

"अक्का, एक विचारू? तुझं नेट बरोब्बर भाऊजी अडकले की कसं गं जातं?"

मी वही मिटली.

"मी पण असते ना कधीकधी त्या कॉलवर. नेट गेलं म्हणतेस, आणि दर वेळी ते तू खुर्चीतून उठलीस की मगच जातं. मास्तरीण असून कॉपी करताना पकडली गेलीस." ती हसली, मग हसायची थांबली. मोबाईलवर तिचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. "हे बसवल्यावर काय सांगशील पोरांना?"

परत येताना पारोळ्यापर्यंत मी तक्ता उघडून बसले होते. त्यात लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तीन डब्यांचा संच मागवला, डब्या-डब्यांसाठी वेगळी लहर असलेला आणि धुळ्यात दुरुस्ती होणारा.

बसवायला नरडाण्याचे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, निवांत. मागच्या खोलीचा डबा मी कूलरच्या स्टॅंडवर ठेवायचं ठरवलं होतं, तर ते म्हणाले, "नको ताई. पाणी आन् पत्रा, दोन्ही याचे वैरी. कूलर चालू झाला की गेला तुमचा सिग्नल." डबा त्यांनी आबांच्या उशाशी असलेल्या फळीवर ठेवला. मधल्या डब्याची वायर आत घ्यायला ते त्याच खोलीच्या भिंतीला भोक पाडू लागले. ड्रिल मशीन ओरडत राहिलं आणि भोक काही पडेना. त्यांनी मशीन खाली ठेवलं, घाम पुसला आणि आबांकडे वळून विचारलं, "आबा, हाई भित कोनी बांधी? घर शे का किल्ला?"

मी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. खाली बसून ड्रिलचं पातं बदलत होते, त्यांना घाई नव्हती. बराच वेळ गेला.

"मी," आबा म्हणाले. मग, "मीच बांधी."

"मंग भोगा आते!"

आबा हसले. झटका आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डावा हात उचलून भिंतीकडे केला आणि म्हणाले, "काया दगड शे. साक्रीना."

काळा दगड, साक्रीचा. एकामागे एक चार शब्द.

आबा साक्रीकडच्या खेड्यातले. त्यांच्या घरी सगळे अहिराणी बोलत. मी जळगावच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तुमचे बाबा लहान असताना सुट्टीत तिकडे जाऊन यायचे आणि जेवताना "माले भाजी दे" म्हणायचे. मी दर वेळी थांबवून सांगायचे, "मला भाजी वाढ, असं म्हण." आबा खाली मान घालून जेवायचे. हळूहळू त्यांनीही घरात अहिराणी सोडली. इतक्या वर्षांत मला वाटलं होतं की ते विसरले. आणि आता जे शब्द त्यांच्यापाशी उरले होते ते तेच होते. मी मात्र इतके महिने माझ्या मराठीतले शब्द त्यांच्या तोंडात कोंबत होते.

त्या रविवारी कॉल लागला तेव्हा तिन्ही डब्यांचे दिवे पांढरे होते. तुम्ही दोघं इतके लख्ख दिसत होतात की थोरलीच्या दातांवरची तार मला पहिल्यांदाच दिसली. बाबा मागे सोफ्यावर होते. म्हणाले, "वा आई, काय क्वालिटी आहे!"

मग धाकट्याने विचारलं, "आबा, आजचं कोडं?"

आबांचे ओठ हलले. मान ताणली गेली. डोळे भरले. चेहरा तसाच थांबला.

मी उठले. खरं सांगते, आदल्या रात्री ठरवून झोपले होते की उठायचं नाही, तरी उठले. दारापर्यंत गेले असेन, तोच मागून आवाज आला.

"बठ."

बस, असं सांगत होते. माझ्याकडे न बघता, टॅबलेटकडे बघत. तेव्हा मला कळलं की पुढच्या खोलीतल्या त्या बटणाचा टक आवाज उघड्या दारांतून मागच्या खोलीत ऐकू जातो, आणि पाच महिने दर वेळी तो त्यांनी ऐकला होता.

मी परत येऊन बसले. आबांचा चेहरा अजून थांबलेलाच होता.

थोरली म्हणाली, "आजी, आबा फ्रीझ झाले. नेट गेलं का?"

"नाही," मी म्हणाले. "नेट चालू आहे. आबा शब्द शोधताहेत. त्यांना वेळ लागतो. थांबा जरा."

मागे तुमचे बाबा सोफ्यावरून उठून पुढे आले. धाकट्याने तोंड कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आणलं की नुसतं नाकच दिसू लागलं, आणि हळूच विचारलं, "आबा? तुम्ही आहात का?"

मी मोजत नव्हते, पण कूलरचं पाणी दोनदा गळून पडल्याचं ऐकू आलं.

"शे," आबा म्हणाले. "आठेच शे."

इथेच आहे. तुम्हाला शब्द कळला नाही, तुम्ही बाबांकडे बघितलंत. त्यांनी सांगितला नाही. चष्मा काढून ते दुसऱ्या खोलीत गेले.

कोडं त्या दिवशी आलं नाही. आबांनी आणखी दोनदा प्रयत्न केला, मग थकले आणि डोळे मिटले. कॉल मी बंद केला नाही. तो तुम्ही केलात.

दुपारी तुमच्या बाबांचा फोन आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती महिने, आई?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मी रोज बोललो असतो त्यांच्याशी. मला येते ती भाषा." त्यांना ती अजून येते हेही मला माहीत नव्हतं.

पुढच्या भेटीत जळगावच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "गेलेला वेळ परत आणता येत नाही," म्हणाल्या. "किती सुधारतील ते आता सांगता येणार नाही. रोज बोलू द्या." मी पुन्हा वहीत लिहून घेतलं.

आता रोज सकाळी बाबा आणि आबा बोलतात. मला निम्मं कळत नाही. कधी पाच शब्द, कधी एकही नाही. नेट तुटत नाही, त्यामुळे आबांना जमत नाही तेव्हा जमत नाही हेच सगळ्यांना दिसतं. रविवारी तुम्हालाही दिसतं. तुम्ही कंटाळलात तर कंटाळलो म्हणा, घाबरलात तर तेही म्हणा. आबा ऐकतात.

आबा 'बठ' म्हणाले त्या रविवारी संध्याकाळीच मी पुढच्या खोलीतल्या त्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हे बटण बंद करू नये.' दिवसाच्या बाई वाचून म्हणाल्या, "ताई, मी तर कधीच हात लावत नाही त्याला. आबांचा तर हात पोचत नाही. मग हे कोणासाठी?"

मी म्हटलं, असू दे.