स्वल्प जुने कम्प्युटर

कम्प्युटरची माहिती लिहायची म्हटलं तर एका पानात आटपते. मेमरी किती, वजन किती, कुठं बनला, कधी बंद झाला. संपलं! पण ज्यानं तो वापरलाय त्याला नुसतं विचारून बघा, "काय हो, कसा होता?" समोरची कॉफी गार झालीच म्हणून समजा. आमच्या विकीचं तेच झालंय. माहिती पानांवर गेली, आणि पानांत न मावलेलं सगळं आमच्याकडे साठून राहिलं.

विकी म्हणजे कुणीही वाचावा, कुणीही भर घालावी असा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. आमचा आहे जुन्या कम्प्युटरांचा, आणि तोही मराठीत. बेंगळुरात बसवनगुडीला राहणाऱ्या देशपांडे काकांनी तो सुरू केला. काका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. नोकरीसाठी नागपूरहून आले आणि इथलेच झाले. दर रविवारी सकाळी त्यांच्या गाडी नसलेल्या गॅरेजमध्ये आम्ही जमतो. येलहंक्याहून सुलभाअक्का येतात. त्यांनी जन्मभर शाळेत कम्प्युटर शिकवला. घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. निपाणीचा प्रसन्ना आयटीत आहे, विकीची तांत्रिक बाजू तोच सांभाळतो. आणि मी पुण्याची. टेस्टिंग करते, म्हणजे पगार घेऊन चुका काढते. इथं फुकट काढते.

* * *

आमचा पूर्वी एकच नियम होता. फ्लॉपी नाही, तर पान नाही!

एका रविवारी अक्कांनी विषय काढला, की आता नंतरची मॉडेलंही घेऊ या. पातळ लॅपटॉप, छोटी नेटबुकं वगैरे.

काका उखडले. "अहो अक्का, त्या काळ्या डब्यांना कसल्या आठवणी असणार? सगळे सारखे दिसतात!"

"अण्णा, नवरेसुद्धा लांबून सारखेच दिसतात!"

प्रसन्ना हसला. काका नाही हसले. मग अक्का खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मशिनींवर काम केलेली माणसं आता राहिलीत किती? पूर्वी पानावर एक आकडा चुकला तर लोक फोन करून भांडायचे. आता कोण भांडतंय?"

काका उठून आत गेले. आम्हाला वाटलं, रागावले. बऱ्याच वेळानं कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले.

"घ्या," म्हणाले. "नवीन मॉडेलं घ्या. भांडायला तरी कुणी येईल!"

* * *

आता नवीन म्हणजे किती नवीन? यावर कित्येक रविवार गेले. प्रसन्नानं तर एक तक्ता केला, तो त्यालाच समजेना.

चिकपेटच्या मागे एका गल्लीत जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. फोटो काढायला म्हणून काका आणि मी तिथं गेलो. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी दुकानदाराला म्हटलं, "जुना लॅपटॉप दाखवता?"

स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता त्यानं विचारलं, "स्वल्प जुना की तुंबा जुना?"

थोडा जुना की खूप जुना! काका तिथंच कौतुकानं बघत राहिले. त्याच संध्याकाळी विकीवर दोन विभाग झाले, 'तुंबा जुने' आणि 'स्वल्प जुने'.

येताना आम्ही रिक्षा केली. लालबागचा सिग्नल लागला तेव्हा काका म्हणाले, "मधू, मी गं कुठल्या विभागात?"

"काका, तुमचं पान अजून लिहून व्हायचंय!"

"हं," काका म्हणाले. "लिहिणारी होती ती गेली." काकूंना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. सिग्नल सुटला ते बरं झालं.

* * *

आमच्या प्रत्येक पानावर मशीन चालू होतानाचा आवाज असतो. तुंबा जुन्यांचे आवाज काय एकेक! खडखड, गुरगुर, मध्येच टक्क. काका डोळे मिटून मॉडेल ओळखतात.

स्वल्प जुन्यांपैकी एक लॅपटॉप असा निघाला, की आवाजच नाही. बटण दाबा, उजेड येतो, बस.

"मुकं मशीन," काका म्हणाले. "जागा रिकामी सोडा."

"सरी, बरं, मी बघते," म्हणत अक्का तो घरी घेऊन गेल्या आणि खिडकीशी बसून रेकॉर्डिंग करून आणलं. आम्ही ऐकलं. आधी काहीच नाही. मग कुकरची शिट्टी. मग पालेभाजीवाली, "सोप्पू, सोप्पू!" आणि मग डोक्यावरून हवाई दलाचं विमान, आणि त्यात अक्कांचा आवाज, "अय्यो, आत्ताच उडायचं होतं याला?"

काका म्हणाले, काढून टाका. प्रसन्ना म्हणाला, पुढच्या रविवारी काढतो. तेवढ्यात परदेशातून कुणाचा तरी अभिप्राय आला. "मशीनचा आवाज आला नाही. पण विमान येलहंक्याचंच ना? आमचं घर तिथंच होतं. विमान आलं की आई बोलायची थांबायची, आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायची. कृपा करून ही फाईल साफ करू नका."

काकांनी ती फाईल पुन्हा लावायला सांगितली. मग पानावर स्वतः टाइप केलं, "आवाज: मशीनचा नाही. बाकी सर्व आहे."

* * *

प्रसन्नानं आपल्या कॉलेजातल्या लॅपटॉपचं पान लिहिलं. 'ज्ञात दोष' या मथळ्याखाली त्यानं लिहिलं होतं, "व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं फक्त कपाळ दिसतं."

काकांनी विचारलं, "हा मॉडेलचा दोष, की तुझ्या घरचा?"

"घरचा ओ काका," प्रसन्ना म्हणाला. "तसलाच एक बाबांनी निपाणीत घेतला होता. आईला स्क्रीन किती मागं करायची ते कधी जमलंच नाही. सांगितलं की भिंत दाखवायची, मग परत कपाळ. अख्खं कॉलेज मी तिच्या कुंकवाशी बोलून काढलं बगा!"

आम्ही हसलो. "मग आता?" अक्कांनी विचारलं.

"आता फोन हाय की. आता सगळा चेहरा दिसतो." प्रसन्ना स्क्रीनकडेच बघत होता. "बाबा गेल्यापासून मीच व्हिडिओ न लावता बोलतो. तिला सांगितलंय, नेट बारीक हाय."

काकांनी ती ओळ काढली नाही. 'दोष' हा मथळा तेवढा बदलून 'वैशिष्ट्यं' केला.

* * *

मग माझी पाळी आली. पुण्याहून इथं पहिल्यांदा आले तेव्हाचा माझा लॅपटॉप माळ्यावर होता. चार्जर मिळता मिळेना. मिळाला तर वायर तुटकी. प्रसन्नानं जोडून दिली आणि एका रविवारी, सगळ्यांच्या देखत, तो सुरू झाला!

सुरू झाला आणि लगेच वायफाय शोधायला लागला. आम्ही मुली भाड्यानं राहायचो त्या पीजीचं वायफाय, नाव 'थर्ड फ्लोअर गर्ल्स'. ती इमारत पाडून तिथं कधीचा मॉल झालाय. आम्ही गच्चीवर एका ताटात मॅगी खायचो, त्या सगळ्याजणी आता कुठल्या कुठल्या देशांत आहेत. ग्रुप आहे, पण त्यावर वाढदिवसाच्या केकची चित्रं सोडून काही येत नाही.

आणि हा आपला शोधतोय. 'थर्ड फ्लोअर गर्ल्स'… सापडत नाही… पुन्हा प्रयत्न करत आहे…

अक्कांनी त्याच्या झाकणावर हात ठेवला. "पाप बिचारं! याला कुणी सांगितलंच नाही गं, तुमची लग्नं झाली म्हणून!"

मी हसले खरी. पण तो बंद करवेना. कॉफी होईस्तोवर शोधू दिलं त्याला.

* * *

आता हा शेवटचा.

एका जडशा लॅपटॉपचं पान काकांनी लिहिलं. "हा लॅपटॉप वजनदार होता. बॅटरी लवकर संपत होती. पण कीबोर्ड उत्तम होता." दुसऱ्या दिवशी बघतो तर कुणीतरी सगळे 'होता' खोडून 'आहे' केलेले! वजनदार आहे, उत्तम आहे. काकांनी पुन्हा 'होता' केलं. सकाळी पुन्हा 'आहे'!

काकांनी निरोप लिहिला, "महोदय, हे मॉडेल बंद झालं आहे. भूतकाळ वापरावा."

उत्तर आलं. "महोदय, कंपनीनं बंद केलं असेल, मी केलेलं नाही. मी खानापूरचा निवृत्त मास्तर. रोज सकाळी हा लॅपटॉप माझ्याशी बुद्धिबळ खेळतो आणि मला हरवतो. 'होता' असं करतो का?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेवटी तह झाला. पान भूतकाळातच राहिलं, पण काकांनी खाली एक ओळ वाढवली. "मात्र खानापूरच्या एका मास्तरांच्या टेबलावर तो अजून चालू आहे." मास्तरांचं उत्तर आलं, "आता बरोबर."

त्यानंतर मास्तरांना आमच्या पानाचा नादच लागला. वेलांटी चुकली, की सकाळी दुरुस्त झालेली असायची. काकांना ते इतकं आवडलं, की ते मुद्दाम एखादी वेलांटी चुकवून ठेवायला लागले. रविवारी आल्या आल्या आम्हाला दाखवायचे, "बघा, येऊन गेले!"

मग एकदा ऱ्हस्वाचं दीर्घ केलेलं तसंच राहिलं. काकांनी आणखी एक चूक केली. तीही राहिली. त्यांनी एक निरोपही लिहिला, "महोदय, बुद्धिबळ जिंकलात की काय?" उत्तर नाही. पानभर चुका झाल्या. गॅरेजमध्ये आलं की काका आधी तेच पान उघडायचे.

परवाच्या रविवारी प्रसन्ना एकदम म्हणाला, "काका, खानापूरहून बदल आलाय!"

आम्ही सगळे स्क्रीनभोवती गोळा झालो. नाव मास्तरांचंच होतं. एकूण एक वेलांट्या जागच्या जागी आल्या होत्या. काकांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. आणि मग त्यांचं लक्ष शेवटच्या ओळीकडे गेलं.

"मात्र खानापूरच्या एका मास्तरांच्या मुलीच्या टेबलावर तो अजून चालू आहे."

बदल करणाऱ्यानं बदलाचं कारण लिहायचं, असा आमच्याकडे एक चौकोन आहे. त्यात लिहिलं होतं, "किरकोळ दुरुस्ती."